गाडीची खांदशेकणी

देऊळघाट या आमच्या गावात त्या काळी घरची मोटार आमच्याकडंच होती, आणि त्यामुळं मला एकही दिवस माझा म्हणून मिळाला नाही. कोणाची लेक सासरी पोचवायची आहे, बोलवा त्याला. कोणाच्या म्हाताऱ्याला बुलढाण्याच्या दवाखान्यात न्यायचं आहे, बोलवा त्याला. "जेवला काय बे?" असं कोणी विचारलं नाही कधी. "टाकीत पेट्रोल हाय न?" हे मात्र सगळे विचारायचे. मी चडफडायचो, पण किल्ली घेऊन निघायचो. बाबांनी शब्द दिलेला असायचा, आणि बाबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

महाराष्ट्र होऊन दोन-चार वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. आमचा भाजीपाल्याचा मळा. वांगी, मिरची, सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर, हे सगळं बुलढाण्याच्या बाजारात न्यायला बाबांनी एका ठेकेदाराची जुनी व्हॅन घेतली होती. मागं दोन्ही बाजूंना मी लाकडी बाक ठोकले. सकाळी त्या बाकांखाली वांग्याची पोती, दुपारी बाकांवर माणसं. माणसं उतरली की पानाच्या पिचकाऱ्या पुसायच्या, कोण्या पोरानं केलेली ओकारी धुवायची, आणि बायकांच्या डोक्याचं तेल छताच्या कापडाला लागलेलं असायचं, ते सोड्यानं घासायचं. ही कामं कोणाला दिसतात? सगळ्यांना वाटायचं, मी नुसता बसून गोल गोल चाक फिरवतो.

खरं काम तर सकाळी असायचं. रेडिएटरमध्ये पाणी पाहायचं, तेलाची पट्टी ओढून पाहायची, चाकांची हवा पाहायची. प्लग काढून पॉलिशपेपरवर घासायचे. मग हँडल मारायचं. हँडलभोवती अंगठा वळवायचा नाही, नाहीतर इंजिननं उलटा झटका दिला की मनगट गेलंच म्हणून समजा. थंडीत ती हट्टाला पेटायची. मी तिला गोंजारायचो, शिव्या द्यायचो, "चाल न माय, काऊन छळून राह्यली" म्हणायचो. दिवसभरात माझ्या तोंडून सगळ्यांत जास्त बोलणं निघायचं ते तिच्याशीच.

माझं लग्नही मीच चालवलं. हसू नका. दुसऱ्या कोणाला गाडी येतच नव्हती, तर काय करणार? बाशिंग बांधून, मुंडावळ्या सावरत नवरदेव स्वतः स्टिअरिंगवर बसला आणि धामणगाव बढ्याला गेला. तिकडची पोरं गाडीमागं धावत ओरडायची, "नवरदेव ड्रायव्हर हाय बे!" परत येताना नवरी मागच्या बाकावर, बायकांच्या घोळक्यात. बायको पहिल्यांदा नीट पाहिली ती आरशात. घाटात प्रत्येक वळणाला मी हॉर्न द्यायचो, आणि प्रत्येक हॉर्नला ती दचकून वर बघायची. मला गंमत वाटली, म्हणून नको तिथंही दिले चार-दोन.

ती फार बोलणारी नव्हती, पण जे बोलायची ते मोजकं आणि खरं. रात्री मी आलो की हात धुवायला राख आणि गरम पाणी ठेवायची. "आज कुठीसा गेलते?" एवढं विचारायची. मी सांगायचो कोणतं गाव, कसा रस्ता, कुठं गाडी गरम झाली. ती ऐकून घ्यायची. आता वाटतं, ती दिवसभर काय करते, हे मी एकदाही विचारलं नसेल.

दुसऱ्या वर्षी तिला दिवस गेले. तारीख लांब होती. त्यामुळं गावातल्या एका घरच्या लग्नाला बाबांनी गाडी कबूल केली तेव्हा कोणाला काही वाटलं नाही. लग्न सुलतानपूरला, लोणारच्या बाजूला; सकाळी वऱ्हाड घेऊन जायचं, नवरी घेऊन यायचं. मी गेलो. तिकडं मानपानावरून रुसवेफुगवे झाले, पंगत उशिरा बसली, वरात निघता निघेना. "उद्या सकाळी निंगू" असं ठरलं. मी गाडीच्या बाकावर चादर टाकून झोपलो.

इकडं त्याच दिवशी दुपारी तिला कळा सुरू झाल्या. गाडी नाही म्हणून बैलगाडीत घातलं. बुलढाणा काही लांब नाही, पण बैलगाडीला ते लांबच असतं. दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला होता. मुलगा होता म्हणे. मी पाहिला नाही.

मी दुसऱ्या दिवशी नवरी उतरवून, गाडीवरचे हार काढून घरी आलो तर आई ओट्यावर बसलेली. तिनं सांगितलं. मी तसाच उभा राहिलो, हातात ते झेंडूचे हार. काय करावं कळेना, तर गाडी धुवायला घेतली. देवाशपथ सांगतो, गाडी धुतली मी.

दवाखान्यातून सुटल्यावर ती माहेरी गेली ती गेलीच. बाबांना विचारलं नाही, की पाया पडली नाही. तिचा बाप आला आणि घेऊन गेला. आमच्याकडं रीत अशी, की सून माहेरी गेली तर सासरच्या कोणीतरी मूळ जायचं, म्हणजे तिला आणायला जायचं. आपली आपण ती येत नाही. बाबा अडून बसले. "न इचारता गेली. आता आपल्याकडून कोणी मूळ जाणार नाही." मी काय बोलणार? मी बाबांसमोर कधी बोललोच नव्हतो. खोलीत तिची फणी होती, एक लुगडं दांडीवर होतं. आई ते धुवून परत तिथंच टाकायची. मी रात्री आलो की राख आणि पाणी स्वतः घ्यायचो. कुठं गेलो होतो ते सांगायला कोणी नव्हतं, आणि मला ते इतकं खटकेल असं कोणी आधी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

श्रावण सरत आला तेव्हा आईनं तोंड उघडलं. भाद्रपदात आमच्या घरी महालक्ष्म्या बसतात. "सून घरात नसतानी मी त्याहीले कोण्या तोंडानं बसवू?" असं ती बाबांना म्हणाली, ताट वाढता वाढता. बाबा जेवून उठले, हात धुतले आणि मळ्याकडं निघून गेले. पण दोन दिवसांनी मळ्यात माझ्याकडं न बघता म्हणाले, "पोळा झाला की जाय धामणगावले. गाडी पाहून घेजो नीट."

एवढंच. पण मला काय वाटलं म्हणून सांगू! मी गाडी अशी पाहिली की कंपनीनंही पाहिली नसेल. कार्बोरेटर खोलला, धुतला. पॉइंट घासले. स्प्रिंगच्या पाट्यांना तेल सोडलं. फॅनचा पट्टा अंगठ्यानं दाबून पाहिला. हा पट्टा म्हणजे रबराचा बेल्ट. इंजिन त्याला फिरवतं आणि तो पुढचा पंखा, पाण्याचा पंप नि डायनामो फिरवतो. तो सैल पडला की पाणी उकळतं. तो ठणठणीत होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी सगळं आटोपून मी तिच्यावर ताडपत्री घातली आणि मळ्यात गेलो.

त्या संध्याकाळी आमच्याकडं बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून खांदा सुजलेला असतो, तर त्याला तूप नि हळद चोळायची, पळसाच्या पानानं शेकायचं आणि बैलाच्या कानात सांगायचं, "आज आवतण घे, उद्या जेवाले ये." बाबा हे स्वतःच्या हातानं करायचे, दुसऱ्याला हात लावू द्यायचे नाहीत. मी मळ्यातून आलो तेव्हा दोन्ही बैलांचे खांदे पिवळे झाले होते. गाडीवरची ताडपत्री जरा सरकलेली होती, आणि टपावरही हळदीची बोटं होती. मी म्हटलं, बरं झालं, तिचीही पूजा केली. पोळ्याला बैल जुंपायचे नाहीत म्हणून गाडीही काढायची नाही, आणि दुसऱ्या दिवशी कर, तेव्हाही नाही. त्याच्या पुढच्या सकाळी पाणी नि तेल तेवढं पाहिलं आणि निघालो.

बुलढाणा सोडून राजूर घाट उतरताना चार्जिंगचा काटा डावीकडं पडलेला दिसला. डायनामोचा ब्रश झिजला असेल, उद्या पाहू, असं म्हटलं. मनात दुसरंच चाललं होतं ना. काय बोलायचं ते मी घाटभर मोठ्यानं घोकत होतो, आणि धामणगाव येईपर्यंत सगळं विसरलो.

तिच्या बापानं पाणी दिलं, चहा दिला, आणि फार काही विचारलं नाही. "मूळ आलं, आता आमाले काय बोलाचं हाय," असं म्हणाले. ती आतून आली. वाळली होती. हातात पिशवी होती. म्हणजे येणार होती! मी पुढचं दार उघडून धरलं; ती मागं जाऊन बाकावर बसली. म्हटलं बसू दे. आली हे काय कमी आहे?

मोताळा मागं पडला. घाट लागला. चढणीला दुसऱ्या गियरमध्ये टाकली आणि तिसऱ्या वळणाच्या आधीच बॉनेटमधून वाफ. आधी थोडी, मग भकाभक. गाडी कडेला घेतली, चाकाला दगड लावला, बॉनेट उघडलं तर वास आला तो तूप कढवल्याचा. अहो, इंजिनातून तुपाचा वास! आत बोट घातलं. सगळा पट्टा पिवळा आणि बुळबुळीत. पुलीवर नुसता घसरत होता.

"कोण्या बह्याडानं केलं हे!" मी ओरडलो. आणि ओरडता ओरडताच कळलं.

ती खाली उतरून शेजारी येऊन उभी राहिली होती. तिनं पट्ट्याकडं पाहिलं, वास घेतला आणि म्हणाली, "मामाजीनं खांद शेकली गाडीची."

बाबांना इंजिनातलं काही कळत नव्हतं. पण ओढ कुठं पडते हे बैलवाल्याला कळतं. सगळा भार त्या पट्ट्यावर आहे हे त्यांनी कधीतरी बघून ठेवलं असणार. सुनेला आणायला जाणारी गाडी. तिचा खांदा दुखू नये. तोंडानं एक शब्द न बोलणाऱ्या माणसानं ताडपत्री उचलून, आत हात घालून, तिला तूप चोळलं होतं.

आणि ती हसली. तोंडावर पदर धरून, पण चांगली हसली. मीही हसलो. वाफ निघते आहे, वर वानरं बसली आहेत, आणि आम्ही दोघं नवरा-बायको घाटात उभे राहून हसतो आहोत. आठ-नऊ महिन्यांत माझ्या छातीत इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. वाटलं, झालं, सगळं झालं नीट.

मग मी कामाला लागलो. चिंधी पेट्रोलमध्ये बुडवून पट्टा पुसायचा, थोडा फिरवायचा, परत पुसायचा. डबा घेऊन खाली नाल्यावरून पाणी आणायचं. इंजिन थंड होईपर्यंत रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. मी एकदा गाडीत शिरलो की मला आजूबाजूचं दिसत नाही, हे खरं आहे. ती कठड्यावर बसून होती. किती वेळ गेला देव जाणे. मी वाकलेलो असतानाच तिनं विचारलं,

"त्या दिवशी बी असंच झालतं काय?"

"कोण्या दिवशी?"

"सुलतानपूरले. आत्याबाई दवाखान्यात मले म्हणत होत्या, गाडी बंद पडली असंन, नाही त थो आलाच असता." आत्याबाई म्हणजे माझी आई.

मी तेव्हा काय म्हणायला हवं होतं, हे शहाण्या माणसाला सांगायची गरज नाही. पण माझ्या हातात चिंधी होती, डोक्यात गाडी होती, आणि गाडीला कोणी नाव ठेवलं की मला सहन होत नसे. मी बॉनेटमधून मान वर न काढता म्हणालो, "छे! गाडी कायले बंद पडते? एकदम ठणठणीत होती. वरात निंगाले उशीर झाला, म्हणून मंग तिथीसाच झोपलो मी."

ती कठड्यावरून उठल्याचं कळलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी आणखी एक डबा पाणी आणायला खाली गेलो. वर आलो तर बुलढाण्याकडून उतरणारी मोताळ्याची एस.टी. वळणावर थांबली होती, आणि ती पिशवी घेऊन पायरीवर चढत होती. मी डबा टाकून पळालो.

"अवं, हे काय? झालीच गाडी! पाणी टाकलं की निंगू."

ती वळली. रडत नव्हती. "गाडी बंद पडली होती असं धरूनच मी इतके दिवस काढले," ती म्हणाली. "त्याच्यावरच येऊन राह्यली होती मी. तुमी गाडी न्या घरी." कंडक्टरनं घंटी मारली.

घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. आई भाकरतुकडा नि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, सुनेवरून ओवाळून टाकायला. मागचं दार तिनंच उघडलं. बाक रिकामा. तिनं तांब्या तिथंच खाली ठेवला. घाटात गाडी उकळली आणि ती तिथून माहेरी परत गेली, एवढं मी सांगितलं. पट्ट्याचं मात्र बोललो नाही. पण बाबा बॉनेटपाशी गेले, वाकले, आणि तिथंच वाकलेले राहिले. वास जात नाही तुपाचा. त्या रात्री ते जेवले नाहीत.

सकाळी बाबा धोतर-टोपी घालून तयार. "म्या जातो मूळ," म्हणाले. सासऱ्यानं स्वतः सुनेला आणायला जायचं म्हणजे आमच्याकडं नाक घासण्यासारखं, आणि माझ्या बाबांनी ते उभ्या जन्मात कोणासमोर घासलं नव्हतं. आईच्या डोळ्यांना पाणी आलं. आम्ही दोघं एस.टी.नं बुलढाण्याच्या स्टँडवर आलो. मोताळ्याची गाडी लागलेली, शेजारी खामगावची लागलेली. बाबांनी माझ्याकडं पाहिलं. "तू येतं काय?"

मी विचार केला. तुपानं फुगलेला पट्टा आता भरवशाचा नव्हता, आणि नवा खामगावशिवाय मिळणार नव्हता. ती यायला तयार झालीच, तर म्हाताऱ्यासोबत एस.टी.त पिशवी सांभाळत देऊळघाटापर्यंत येणार काय? छे. बुलढाण्याला ती उतरेल तेव्हा समोर आपली गाडी उभी पाहिजे, धुतलेली, नव्या पट्ट्याची. "तुमी जा बाबा," मी म्हणालो. "मी बेल्ट घेऊन येतो. संध्याकाळी स्टँडवर गाडी घेऊन उभा राहतो." आणि मी खामगावच्या गाडीत चढलो.

पट्टा मिळाला. दुपारी येऊन बसवला, ताण पाहिला, गाडी धुतली, बाकांवर सतरंजी टाकली. पुढच्या सीटवर आईची गोधडी घडी करून ठेवली, आज ती पुढं बसेल म्हणून. मागची खिडकी दोनदा पुसली. स्टँडवर वेळेच्या बऱ्याच आधी जाऊन उभा राहिलो आणि मोताळ्याकडून येणारी प्रत्येक गाडी पाहिली.

बाबा उतरले. त्यांच्या मागून एक म्हातारी उतरली, एक पोस्टमन उतरला, आणि मग कंडक्टरनं दार लावलं.

बाबा गोधडीवर बसले. मी विचारलं नाही. ते आपणहूनच बोलायला लागले, समोर काचेतून बघत. पाया पडली म्हणाले. वरण-पोळी करून जेवू घातलं. तूप वाढतानी थांबली, मग वाढलं. "म्या म्हणलं, चुकलं माहं, गाडी देल्ली म्या, थ्याची काई चूक नाही, चाल घरी. त म्हणे, मामाजी, तुमी कायले हात जोडता? तुमच्यावर माहा काही राग नाही. मंग म्हणे, थे काऊन नाही आले?"

"मंग? तुमी काय सांगतलं?"

"काय सांगाचं? जे हाय थे. बेल्ट आणाले गेला म्हणलं."

मी हँडल हातात घेऊन तसाच बसलो होतो. स्टँडवरचे दिवे लागत होते.

"मंग काय म्हणे थ्यावर?"

बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "काई नाही. दारातली पिशवी आत नेऊन ठेवली. निंगतानी म्हणे, घरी गेल्यावर त्याहीले इचारजा, बसला काय म्हणा नीट."

मी उतरलो, हँडल मारलं, गाडी पहिल्याच झटक्याला चालू झाली. पट्टा बसला होता. जराही आवाज नव्हता. देऊळघाट आलं. बाबा उतरून आत गेले, आईनं आतून हाक मारली, आणि मी इंजिन चालूच ठेवून बराच वेळ तिथं बसून राहिलो. उतरून जायचं होतं कोणाकडं?